हळद, कलौंजी आणि आमचे पंचवीस दिवस

आमच्या लेकीच्या आजाराची फाइल आता दोन बोटे जाड झाली आहे. रिपोर्ट, चिठ्ठ्या, औषधांची बिले, सगळे तारखेप्रमाणे लावलेले आहे. फक्त एका ठिकाणी पंचवीस दिवसांचा एकही कागद नाही. ती रिकामी जागा आम्ही दोघांनी, म्हणजे तिच्या अम्मी-अब्बांनी, मिळून केलेली आहे. म्हणून हा लेखही आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत. लेकीने परवानगी दिली. नाव तेवढे लिहू नका म्हणाली.

आम्ही सांगलीचे. आमच्यापैकी एकाची तीस वर्षे मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिण्यात गेली. राजापुरी कोणती, सेलम कोणती, हळकुंड मोडले की आतला रंग कसा दिसायला हवा, हे आमच्या घरात शाळेच्या आधी शिकवले जाते. हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली वर्षानुवर्षे हळद साठवून ठेवत असत, ती आम्ही पाहिली आहे. २००५ च्या महापुरात त्यातली कित्येक पेवे पाण्याखाली गेली, तेही पाहिले आहे. घरात बोट कापले की हळद, खोकला झाला की हळदीचे दूध, बाळंतिणीला हळद. त्यामुळे हळदीवर अविश्वास ठेवणे आमच्या रक्तातच नाही. पुढे जे घडले ते समजण्यासाठी एवढे सांगणे भाग आहे.

लेक एकोणीस वर्षांची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. पावसाळ्यात तिची बोटे सकाळी दुखू लागली. अधूनमधून ताप, तोंडात फोड, केस गळणे. उन्हातून आली की दोन्ही गालांवर लाली उमटायची. आम्ही म्हणालो, अभ्यासाचा ताण आहे. मग पाय सुजले. फजरच्या नमाजला उठली की डोळ्यांखाली सूज दिसायची. एके दिवशी तिनेच अम्मीला हळूच सांगितले की लघवीला फेस येतो आणि तो लवकर विरत नाही. जवळच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि त्याच दिवशी मिरजेच्या किडनीतज्ज्ञ मॅडमकडे पाठवले.

चोवीस तासांच्या लघवीत ३.४ ग्रॅम प्रोटीन निघाले. निरोगी माणसात ते ०.१५ ग्रॅमच्या आत असते. रक्तातले क्रिएटिनिन ०.९ होते, म्हणजे किडनीचे काम अजून चालू होते. बायॉप्सी झाली. निदान झाले : ल्युपस नेफ्रायटिस, चौथ्या वर्गाचा.

मॅडमनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावले. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. रक्त गाळले जाते, घाण लघवीत जाते, प्रोटीन रक्तात राहते. आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी एक फौज असते. ल्युपसमध्ये ती फौज स्वतःच्याच पेशींना शत्रू समजते. तिने तयार केलेले प्रतिपिंड गाळण्यांत जाऊन अडकतात, तिथे दाह सुरू होतो, गाळणीची भोके मोठी होतात आणि प्रोटीन वाहून जाते. दाह वेळेत विझला तर गाळणी सावरते. फार दिवस चालला तर तिथे व्रण होतो आणि ती गाळणी कायमची जाते. हा आजार होणाऱ्या दर दहा जणांत नऊ स्त्रिया असतात, आणि त्यातही बहुतेक तरुण.

तीन दिवस शिरेतून स्टेरॉइड दिले. मग स्टेरॉइडच्या गोळ्या, मायकोफिनोलेट आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. चार महिन्यांत प्रोटीन ०.६ ग्रॅमवर आले. अल्लाहचे आभार मानून आम्ही शेजारीपाजारी मिठाई वाटली. चूक इथून पुढे आहे.

स्टेरॉइडने लेकीचा चेहरा गोल झाला, कपाळावर पुरळ आले. एका लग्नात कुणीतरी तिला ओळखलेच नाही. एका खालाने तिच्यासमोरच विचारले, "अशी किती दिवस गोळ्या खाणार? उद्या रिश्ते यायचे आहेत." रात्री लेक उशीत तोंड खुपसून रडली. त्याच आठवड्यात एका नातेवाइकांनी जडीबुटीच्या एका जाणकाराचा पत्ता दिला. हळद, काळी मिरी, कलौंजी आणि "आणखी काही मुळ्या" यांचे चूर्ण. दिवसातून तीन वेळा दोन-दोन चमचे. त्याची एकच अट होती : इंग्रजी गोळ्या पूर्ण बंद.

आम्हाला ते पटले. कलौंजीबद्दलची हदीस कुणाला ठाऊक नाही? आणि हळद तर आमची रोजीरोटी. गोळीत काय असते ते आम्हाला माहीत नव्हते, हळदीत काय असते ते माहीत आहे असे वाटत होते. आम्ही गोळ्या बंद केल्या.

पहिला आठवडा चांगला गेला. दुसऱ्या आठवड्यात थकवा आला. तिसऱ्यात पाय सुजले. जाणकार म्हणाला, आजार बाहेर पडतो आहे. पंचविसाव्या दिवशी लेकीला जिना चढवेना, तेव्हा रिक्षा करून मिरज गाठली. प्रोटीन ३.९ ग्रॅम. क्रिएटिनिन १.९.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "गोळ्या कधी बंद केल्या?"

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. लेक म्हणाली, "अब्बा, सांगा ना."

आम्ही सांगितले. पुडी टेबलावर ठेवली. मॅडमनी विचारले, "यात काय काय आहे?" तीस वर्षे हळदीचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलीच्या पोटात काय जात होते ते सांगता आले नाही. पुडीवर नाव नव्हते, वजन नव्हते, तारीख नव्हती.

मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, स्टेरॉइड महिनोन्महिने घेतल्यावर शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे कमी करते. ते एकदम थांबवले तर जिवावर बेतू शकते. दोन, अशा बिननावाच्या चूर्णांत कधी शिसे, पारा, तर कधी गुपचूप मिसळलेले स्टेरॉइडच सापडते. मग लेकीचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "हळदीशी माझं भांडण नाही, बाळ. माझं भांडण न सांगण्याशी आहे."

लेक पुन्हा दाखल झाली. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून आम्ही तौबा केली, आणि ठरवले की ज्या गोष्टीवर एवढा भरवसा ठेवला ती नीट समजून घ्यायची. पुढचे काही महिने मॅडमना विचारत, लेकीला वाचायला लावत आम्ही जे शिकलो ते असे.

हळदीचा पिवळा रंग ज्यातून येतो त्या पदार्थाला कर्क्युमिन म्हणतात. १८१५ मध्ये फोगेल आणि पेलेतिए या दोघांनी तो वेगळा काढला. पेशीच्या आत दाहाचे हुकूम सोडणारी एक यंत्रणा असते, तिला एनएफ-कप्पा-बी म्हणतात. कर्क्युमिन प्रयोगशाळेत तिला आवर घालते. ल्युपस झालेल्या उंदरांवर कर्क्युमिन, हिरव्या चहातले ईजीसीजी, द्राक्षाच्या सालीतले रेस्व्हेराट्रॉल यांचे प्रयोग झाले आणि उंदरांच्या लघवीतले प्रोटीन कमी झाले. म्हणजे हळदीत काहीच नाही असे कुणी डॉक्टर म्हणत नाही.

माणसांवरही एक प्रयोग झाला. इराणमधल्या शिराझ शहरात, ल्युपस नेफ्रायटिस पुन्हापुन्हा उलटणाऱ्या किंवा औषधांना दाद न देणाऱ्या २४ रुग्णांवर. त्यातल्या निम्म्यांना तीन महिने रोज तीन कॅप्सूल हळद दिली, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले : हळद घेणाऱ्यांचे प्रोटीन आणि वरचा रक्तदाब कमी झाला. हे वाचून आमचे मन एकदम उसळले. मग लेकीने आकडे दाखवले. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम हळद, म्हणजे दिवसाला दीड ग्रॅम. अर्धा चमचाही नाही. आपल्या घरच्या सालनात पडते तेवढी. तीही जेवणाबरोबर, पूरक म्हणून, डॉक्टरांच्या नजरेखाली. आम्ही लेकीला रोज सहा चमचे चूर्ण देत होतो, आणि मूळ औषधे बंद करून. शिवाय चोवीस माणसे म्हणजे एका लग्नातली दोन टेबले. तेवढ्यावरून औषध ठरत नाही. पुढे मोठा प्रयोग करावा एवढेच ठरते.

मिरीचीही गोष्ट कळली. कर्क्युमिन रक्तात फार कमी उतरते. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवले की मिरीतले पायपरीन सोबत दिले तर ते वीस पट उतरते. जाणकाराने मिरी घातली ती उगाच नव्हती. पण जो दरवाजा मिरी हळदीसाठी उघडते तोच इतर औषधांसाठीही उघडते. किडनीच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या औषधाची रक्तातली पातळी अशाने वाढली तर तेच औषध किडनीला मारक ठरते. हळदीत ऑक्झलेटही असते. महिनोन्महिने मोठ्या मात्रेत हळद घेणाऱ्या काही रुग्णांच्या किडनीत त्याचे खडे साठलेले बायॉप्सीत दिसले आहेत. मार्केट यार्डातल्या आमच्या तीस वर्षांत हे कुणी सांगितले नव्हते.

आणखी एक समज गळून पडला. आपल्याकडे कुठलाही आजार म्हटला की "प्रतिकारशक्ती वाढवा" असा सल्ला मिळतो. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्तीच बेभान झालेली असते. तिला चेतवणे म्हणजे आगीत तूप. अल्फाल्फा, ज्याला शेतकरी लसूणघास म्हणतात, त्याचे कोंब खाऊ घातलेल्या माकडांत ल्युपससारखा आजार दिसला होता. त्यामुळे ल्युपसच्या रुग्णांना अल्फाल्फाचे टॉनिक टाळायला सांगतात. कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्या इजेचे रूप स्वयंप्रतिकार आजारासारखेच होते.

जगात याहून मोठे धडे मिळालेले आहेत. १९९० नंतरच्या काही वर्षांत बेल्जियममधल्या ब्रसेल्स शहरात वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल देत असत. त्यात एका मुळीच्या जागी चुकून ॲरिस्टोलोकिया या कुळातली मुळी आली. शंभराहून अधिक स्त्रियांच्या किडन्या खराब झाल्या. पुढे त्यातल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. त्याच कुळातली एक वेल आपल्या रानात आहे. तिला सापसंद म्हणतात. आमच्या पुडीतल्या "आणखी काही मुळ्या" कोणत्या होत्या, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

आणि जी वनस्पती खरोखर लागू पडते तिचीही किंमत असते. चीनमध्ये लेई गोंग तेंग नावाची एक वेल आहे. तिच्यातला ट्रिप्टोलाइड हा पदार्थ १९७२ मध्ये वेगळा केला गेला. किडनीच्या आणि सांध्यांच्या दाहावर चिनी डॉक्टर तिचा अर्क कित्येक वर्षे वापरत आले आहेत, आणि प्रोटीन कमीही होते. पण स्त्रियांची पाळी बंद पडते, पुरुषांचे शुक्राणू घटतात, यकृत बिघडते. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत फार थोडे अंतर. एकोणीस वर्षांच्या मुलीला ती "नैसर्गिक" म्हणून कोण देईल?

मग एके दिवशी मॅडमनी लेकीच्या गोळ्यांची पट्टी उचलली आणि विचारले, "ही कुठून आली ठाऊक आहे?" ती हायड्रॉक्सीक्लोरोक्विन होती. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात सिंकोना नावाचे झाड असते. त्याच्या सालीचा काढा तिथे तापावर देत. १८२० मध्ये पॅरिसमध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी त्या सालीतून क्विनीन वेगळे केले. हा पेलेतिए म्हणजे हळदीतला पिवळा पदार्थ काढणारा तोच! १८९४ मध्ये लंडनच्या पेन नावाच्या डॉक्टरांनी ल्युपसच्या रुग्णांना क्विनीन देऊन पाहिले. १९३४ मध्ये जर्मनीत क्विनीनच्या जातकुळीतले क्लोरोक्विन प्रयोगशाळेत तयार झाले. ते विषारी वाटले म्हणून त्याचे सौम्य रूप शोधत गेले, आणि १९५५ मध्ये अमेरिकेत हायड्रॉक्सीक्लोरोक्विनला मान्यता मिळाली. आज ल्युपस नेफ्रायटिसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला ही गोळी देतात. वजनाच्या दर किलोला दिवसाला सुमारे ५ मिलिग्रॅम, त्याहून जास्त नाही, कारण डोळ्यांच्या पडद्याला धोका असतो; म्हणून ठरावीक काळाने डोळे तपासायचे.

ज्या गोळ्यांना आम्ही "इंग्रजी" म्हणून घराबाहेर काढले होते, त्यातल्या एकीची आजी झाडाची साल निघाली. दुसरी, मायकोफिनोलेट, हिचे मूळ बुरशीत. १८९३ मध्ये इटलीत गोसिओ नावाच्या शास्त्रज्ञाला खराब झालेल्या मक्यावरच्या बुरशीत ते सापडले होते. म्हणजे भांडण वनस्पती विरुद्ध गोळी असे नव्हतेच. सालीपासून गोळीपर्यंत यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. त्या वर्षांत किती द्यायचे, कुणाला द्यायचे नाही, अपाय कुठे होतो, हे एकेक करून शोधले गेले. हळद आणि कलौंजी अजून त्या रस्त्यावर आहेत. आमच्या पुडीने तो रस्ता पाहिलाच नव्हता.

आपल्या वाचकांच्या मनात आता कलौंजीचा प्रश्न असणार. आमच्याही होता. बुखारीत आलेल्या त्या हदीसवर आमचा ईमान आहे. कलौंजीतल्या थायमोक्विनोन या पदार्थावर देशोदेशी काम चालू आहे. मधुमेहाने किडनी बिघडलेल्या रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीने कलौंजीचे तेल देऊन अलीगढमध्ये अभ्यास झाला आहे. इथेही जोडीने, औषधे सोडून नव्हे. आमच्या मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांना आम्ही विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की अल-खत्ताबींसारख्या जुन्या भाष्यकारांनीही त्या हदीसचा अर्थ प्रत्येक आजाराला सरसकट लावलेला नाही. मग त्यांनी दोन गोष्टींची आठवण दिली. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी पडले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना हारिस बिन कलदा या त्या काळच्या नामांकित हकिमांकडे जायला सांगितले होते. आणि वैद्यक येत नसताना जो इलाज करतो तो नुकसानीला जबाबदार धरला जातो, असे अबू दाऊदमधल्या हदीसचे तात्पर्य आहे. हे ऐकून आम्ही मान खाली घातली. जाणकार तर जबाबदार होताच. पण चमचा आमच्या हातात होता.

मौलानांनीच इब्न सीनांचे नाव काढले. हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या 'अल-कानून फित-तिब्ब' या ग्रंथात त्यांनी औषध पारखण्याच्या सात अटी घातल्या आहेत. औषध भेसळीविना असावे, परिणाम एकदा नव्हे तर पुन्हापुन्हा दिसावा, आणि परीक्षा माणसाच्या शरीरावर व्हावी, कारण जनावराला लागू पडलेले माणसाला लागू पडेलच असे नाही. उंदरांचे निष्कर्ष मोबाइलवर पुढे ढकलणाऱ्या आपल्या पिढीला हे इब्न सीनांनी आधीच सांगून ठेवले होते.

लेकीला सावरायला आठ महिने लागले. आज प्रोटीन ०.३ ग्रॅम आहे, अल्हमदुलिल्लाह. स्टेरॉइड अगदी कमी मात्रेवर आले, चेहरा पूर्वीसारखा झाला, ती शेवटच्या वर्षाला बसली. पण क्रिएटिनिन १.२ वर थांबले आहे. पूर्वी ०.९ होते. मधल्या ०.३ मध्ये आमचे पंचवीस दिवस आहेत. त्या गाळण्या परत येणार नाहीत.

मागच्या रमजानमध्ये मॅडमनी रोजे ठेवू दिले नाहीत. लेक नाराज झाली. मौलाना म्हणाले, आजाऱ्याला सूट देणाराही तोच आहे ज्याने रोजे फर्ज केले. ती सहेरीला आमच्याबरोबर उठायची, दुवा मागायची आणि सकाळी नाश्त्यानंतर गोळ्या घ्यायची. रिश्त्याची बोलणी येतात. आम्ही आजार लपवत नाही. मायकोफिनोलेट चालू असताना गर्भ राहणे धोक्याचे, पण आजार शांत असताना डॉक्टर औषध बदलून देतात आणि अशा मुली आई होतात, हेही सांगतो. जे ऐकून परत जातात त्यांना आमच्या दुवा.

दर तपासणीला आता आम्ही एक कापडी पिशवी नेतो. घरात लेक जे जे घेते ते सगळे तिच्यात असते : गोळ्या, दादीमाने पाठवलेली कलौंजीची बाटली, शेजारणीने दिलेले कसलेसे टॉनिक. सगळे टेबलावर मांडतो. मॅडम एकेक उचलतात, लेबल वाचतात, दोन ढिगारे करतात. कलौंजीची चिमूटभर फोडणी पहिल्या ढिगाऱ्यात राहिली, टॉनिक दुसऱ्यात गेले. हळदीचा डबा आम्ही नेला तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ही सालनात राहू दे."

वाचक बहीण-भावांना एवढेच सांगणे आहे. घरातल्या मुलीच्या पायांवर सूज दिसली, लघवीला फेस आला, तर लघवीची साधी तपासणी त्याच आठवड्यात करा. कुणी काहीही सुचवले तरी चालू गोळ्या स्वतःहून थांबवू नका. आणि जे काही पोटात जाते ते डॉक्टरांपासून लपवू नका. शिफा देणारा अल्लाह आहे. इलाज शोधण्याची आणि खरे सांगण्याची जबाबदारी त्याने आपल्यावर ठेवली आहे. तो आपल्या सर्वांच्या लेकीबाळींना सलामत ठेवो. आमीन.